खनिजांचे नमुने घरातल्या वस्तूंनी कसे स्वच्छ करावेत?

गारवेडा

मंडळी, मदत हवी आहे.

मामाने त्याचा खनिजांचा डबा मला दिला. त्याची नजर अधू झाली आहे, बारीकसारीक दिसत नाही, म्हणून "आता तू सांभाळ" म्हणाला. तीसेक नमुने आहेत, प्रत्येक जुन्या कागदात गुंडाळलेला. काहींवर नुसती धूळ, काहींच्या फटींत वाळून दगड झालेली माती, तर गारेच्या (क्वार्ट्झच्या) एका मोठ्या झुबक्यावर तपकिरी डाग.

उत्साहात एक चूक करून बसलो. गारेचा एक नमुना होता, त्यावर पांढरट पापुद्र्यांसारखं काहीतरी उभं होतं. मला वाटलं क्षार साचलाय. घरातलं व्हिनेगर वाडग्यात ओतून रात्रभर बुडवून ठेवला. बुडबुडे येत होते, मला वाटलं घाण निघतेय. सकाळी गार लख्ख झाली होती, पण पापुद्रे पार नाहीसे झाले होते. नंतर वाचल्यावर कळलं की ते कॅल्साइटचे स्फटिक असणार. तेव्हापासून डब्याला हात लावलेला नाही.

घरात व्हिनेगर, लिंबूसत्व, खाण्याचा सोडा, भांडी घासायचं द्रावण, हायड्रोजन पेरॉक्साइड, गंज काढायचं द्रावण आणि जुने टूथब्रश एवढं आहे. यातलं कशाला काय वापरू? आणि कशाला काहीच वापरू नको?

अश्मकन्या

वाईट वाटलं वाचून. पण तीस नमुने आहेत आणि गेला एक, तेव्हा डबा बंद करून ठेवू नका.

"व्हिनेगर चालेल का" याचं उत्तर नुसत्या व्हिनेगरकडे बघून देता येत नाही. आधी दगड कोणता ते कळायला हवं. तेही एकच नाव पुरत नाही. एका नमुन्यावर तीन-चार खनिजं असतात: खाली खडक, त्यावर गार, गारेवर कॅल्साइट, कॅल्साइटवर पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या सोनेरी खनिजाचे, बारीक दाणे. गारेला जे चालतं ते तिच्या अंगाखांद्यावरच्यांना चालेलच असं नाही. त्यातलं सर्वांत नाजूक खनिज कोणतं ते बघायचं आणि त्याला झेपेल तेवढंच करायचं.

कागदांत चिठ्ठ्या होत्या का? असतील तर प्रत्येक चिठ्ठी आपापल्या नमुन्याजवळच राहू द्या.

पाटीपेन्सिल

वाचतोय. माझ्याकडेही असाच एक डबा पडून आहे.

निवांत

मिठाची गोष्ट सांगतो. माझ्याकडे हॅलाइटचा एक घन होता. सैंधव म्हणजे तेच. कडा अशा की बोट फिरवलं तर टोचेल. धूळ दिसली म्हणून नळाखाली धरला. दहा सेकंद फार तर. पुसून ठेवला तेव्हा कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. शंभर मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं, मग दुसरं काय होणार?

आता हॅलाइट अल्कोहोलने साफ करतो. जखमा पुसायचं आयसोप्रोपिल मिळतं ते, जितकं निर्जल तितकं बरं. दुसरा मार्ग म्हणजे पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घालायचं आणि त्या पाण्यात झटपट बुडवून काढायचं. पाणी आधीच तृप्त असल्यामुळे ते नमुन्यातलं मीठ खात नाही. नंतर लगेच टिपायचं, नाहीतर वर पांढरे ठिपके राहतात.

रसायनी

निवांत यांच्या हॅलाइटसारखंच जिप्समचं, फक्त ते हळू होतं. लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. धुवायला हरकत नाही, पण रात्रभर भिजत घातलं तर चकाकी जाते. शिवाय ते नखाने ओरखडतं, म्हणजे टूथब्रशसुद्धा जपूनच.

आता आम्लांचं. व्हिनेगरमध्ये साधारण ४ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं. कॅल्साइट हे कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्याशी आम्लाची क्रिया झाली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. गारवेडा, तुम्हाला दिसले ते हेच. बुडबुडे म्हणजे घाण निघतेय असं नाही, खनिज विरघळतंय. मॅलॅकाइट आणि अ‍ॅझुराइट हीसुद्धा कार्बोनेटच आहेत, तांब्याची. त्या हिरव्या-निळ्यांना व्हिनेगर दाखवूसुद्धा नका.

गारेवरचा कॅल्साइटचा थर खरोखरच काढायचा असेल तर लिंबूसत्वापेक्षा व्हिनेगर बरं. लिंबूसत्व जास्त जोरदार वाटतं, पण त्यातून होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही आणि पांढऱ्या पापुद्र्यासारखं परत गारेवरच बसतं. व्हिनेगरमधून होणारं अ‍ॅसेटेट विरघळून वाहून जातं.

एक पायरी बहुतेक जण गाळतात. आम्लात टाकायच्या आधी नमुना तासभर साध्या पाण्यात ठेवायचा. बारीक फटी पाण्याने भरतात आणि आम्ल खोलवर शिरत नाही. बाहेर काढल्यावर जितका वेळ आम्लात होता त्याच्या दुप्पट वेळ पाण्यात, पाणी बदलत. मधे एकदा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात. नाहीतर फटीत राहिलेलं आम्ल आठवड्याभराने पांढरं फुलून बाहेर येतं.

खडकाळ

मी जरा वेगळं मत मांडतो. स्वच्छ करायचंच कशाला?

गारेवरचा तपकिरी रंग बऱ्याचदा लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि तो जमिनीतच चढलेला असतो. तो त्या नमुन्याचा इतिहास आहे. मी अशी गार पाहिली आहे, जिच्या फक्त एकाच बाजूच्या पैलूंवर गेरूसारखा थर होता, कारण लोहाचं पाणी त्याच बाजूने झिरपत आलं होतं. कुणीतरी ती आम्लात घालून पांढरीफटक केली. आता ती इतर हजार गारांसारखी दिसते.

मातीचं ठीक आहे, ती काढा. पण जे स्फटिक घडताना किंवा त्यानंतर जमिनीतच बसलंय, त्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा.

दुपारची_झोप

खडकाळ, +१. बाकी आमच्याकडे टूथब्रश नवा आणला की आधी मुलगा विचारतो, "हा दाताचा की दगडाचा?"

अश्मकन्या

खडकाळ, तुमचं पटतं, पण सगळ्याच डागांना नाही. खाणीतून काढल्यानंतर वर्षानुवर्षं उघड्यावर पडून, किंवा गंजलेल्या पत्र्याला टेकून आलेला डागही असतो. त्याला इतिहास म्हणवत नाही. भिंगाखाली बघितलं की फरक कळतो. जुना थर स्फटिकाच्या वाढीत अडकलेला असतो, कधी त्याच्यावर दुसरा स्फटिक वाढलेला असतो. नंतरचा डाग फटींत आणि खोलगट भागात साचलेला असतो.

गारवेडा

सर्वांचे आभार. चिठ्ठ्या होत्या, पण मी घाईत सगळ्या एका पाकिटात टाकल्या. आता कुठली कुणाची ते कळत नाही.

अश्मकन्याताई, भिंगाने बघितलं. मोठ्या झुबक्यावरचा तपकिरी रंग टोकांवर अजिबात नाही, सगळा मुळाशी आणि भेगांत आहे. वर दुसरं काही वाढलेलंही दिसत नाही. तर काढायला हरकत नसावी?

रसायनी

मग काढा. त्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल. गंज आणि लाकडावरचे डाग काढायच्या काही पावडरींत ते असतं. गारेला त्याने काही होत नाही. पण ते विषारी आहे, म्हणून हे नियम मोडू नका: हातमोजे आणि चष्मा, खिडकी उघडी, प्लास्टिक किंवा काचेचं भांडं, आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. गरम करायचं नाही, वाफ छातीत जाते. थंडच ठेवा, चार दिवस जास्त लागतील एवढंच.

झुबक्यावर कुठेही कॅल्साइट असेल तर हे करू नका. कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही आणि निघता निघत नाही. त्याच कारणाने द्रावण करायला आणि धुवायला नळाचं क्षारांचं जड पाणी नको, ऊर्ध्वपातित पाणी घ्या. कधी कधी गार पिवळसर होऊन बाहेर येते, तेव्हा घाबरू नका, ताज्या पाण्यात आणखी काही दिवस ठेवा. उरलेल्या द्रावणात फसफस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घाला, मगच टाका.

तुमच्याकडच्या द्रावणाच्या बाटलीवर घटक वाचलेत का? गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. तसं असेल तर झाकणसुद्धा उघडू नका. ते गारेलाही खातं आणि कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं, सुरुवातीला दुखतही नाही.

उंबरठा

याला जोडून एक. माझ्या ओळखीतल्या एकाने आधी ब्लीचमध्ये दगड ठेवला, शेवाळ काढायला. निघालं नाही म्हणून त्यातच व्हिनेगर ओतलं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. न्हाणीघराचं दार बंद होतं. खोकत बाहेर आला, दोन दिवस घसा बसला होता. ब्लीचमध्ये अमोनियाही घालायचा नाही, त्यातूनही विषारी वायू निघतो.

शेवाळाला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. रात्रभर ठेवा, मग मऊ ब्रश. फक्त पायराइटसारख्या सल्फाइडांना ते लावू नका.

सुईदोरा

आम्लांवर बरीच चर्चा झाली, पण माझ्या मते नव्वद टक्के काम हातानेच होतं.

काल संध्याकाळी स्टिल्बाइटचा एक नमुना घेऊन बसले होते. गव्हाच्या पेंढीसारखे झुबके, मधल्या बेचक्यांत करडी माती घट्ट बसलेली. आधी कॅमेऱ्याच्या भिंगाची धूळ उडवायचा रबरी फुगा. हे आधीच करायचं, कारण धुळीत गारेचे कण असतात. मोसच्या १८१२ च्या कठीणपणाच्या मापक्रमावर गार ७ आणि कॅल्साइट ३. म्हणजे धूळ न उडवता फडक्याने पुसलं तर आपणच दगडाला बारीक पॉलिश पेपर मारतो.

मग कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या द्रावणाचे दोन थेंब, आणि अर्धा तास वाट. माती फुगून मऊ होते. मग बांबूची काडी. टोक ब्लेडने तिरकं कापायचं, छिन्नीसारखं. दिव्याखाली नमुना तिरपा धरला की माती आणि स्फटिक यांच्यामधली रेघ दिसते. काडीचं टोक त्या रेघेत ठेवायचं आणि मातीच्या बाजूला ढकलायचं, स्फटिकाच्या बाजूला कधीच नाही. एक खपली सुटली की खालून मोत्यासारखी चमक येते. तेवढ्यासाठी दोन तास गेले तरी चालतात मला.

लोखंडी सुई शक्यतो नको. मऊ खनिजावर ओरखडा उठतो आणि गारेवर करडी रेघ राहते. ती रेघ म्हणजे सुईचं लोखंड, गारेनेच घासून घेतलेलं.

हो, आणि झिओलाइटांना, म्हणजे स्टिल्बाइटच्या गटातल्या खनिजांना, आम्ल नको. जोरदार आम्लात काही झिओलाइट जेलीसारखे होतात. त्यांच्याबरोबर सापडणारं अ‍ॅपोफिलाइटही आम्लाने निस्तेज पडतं.

पाटीपेन्सिल

सुईदोरा, माझ्याकडे पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखं एक आहे, काळ्या खडकाच्या पोकळीत. त्यावर धूळ आहे. ते कसं करू?

सुईदोरा

ते बहुधा ओकेनाइट. हात लावू नका! पाणीही नको. ते केसासारखे तंतू आहेत. पाणी लागलं की ओल्या मांजराच्या अंगावरच्या केसांसारखे एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर परत फुलत नाहीत. बोट लागलं तर तिथे कायमचा खड्डा. फक्त फुगा, तोही लांबून. स्कोलेसाइट, मेसोलाइटच्या बारीक सुयांनाही हेच. राहिलेली धूळ राहू द्या आणि त्यावर पारदर्शक डबी घाला.

दुपारची_झोप

प्रश्न: धुतल्यावर उन्हात वाळवले तर चालतात ना?

निवांत

नको. जांभळा अमेथिस्ट उन्हात फिका पडतो, काही फ्लोराइटही. लाल रिअलगार तर उजेडात राहून राहून पिवळी भुकटी होतो. त्यात आर्सेनिक असतं, म्हणून तो तसाही घरी घासायचा दगड नव्हे.

केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको. फ्लोराइटला एकदम गरम-थंड झालं तर तडा जातो. गंधकाचा स्फटिक नुसता तळहातावर धरून कानाजवळ नेला तर हाताच्या उबेने तडकताना ऐकू येतो. सावलीत, जुन्या टॉवेलवर, दोन दिवस. तेवढा धीर हवा.

गारवेडा

आणखी दोन अडचणी. एक, पायराइटचा घन आहे, सोन्यासारखा, पण खालच्या कोपऱ्यात पांढरट-पिवळी भुकटी धरली आहे आणि आंबूस वास येतो. पेरॉक्साइड नको हे कळलं, मग नुसता धुऊ का? दोन, चांदीची वाकडी तार आहे एका दगडावर, काळी पडलेली. नेटवर बघितलं, अ‍ॅल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, की लख्ख होते. करू का?

रसायनी

पायराइट पाण्यात घालू नका. त्याला रोग लागला आहे. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन लोहाचं सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. भुकटी म्हणजे ते सल्फेट. कोरड्या ब्रशने झटका, मास्क लावून. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे वाढतं. आणि आजच्या आज बाकीच्यांपासून वेगळा करा. ते आम्ल खालचा पुठ्ठा खातं, चिठ्ठी खातं आणि शेजारी कॅल्साइट असेल तर त्यालाही. मार्कसाइट (पायराइटच्याच घटकांचं दुसरं खनिज) असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा, ते याहून लवकर ढासळतं.

खडकाळ

चांदीला थांबा! सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमने काळा सिल्व्हर सल्फाइड परत चांदी होतो, हे खरं. घरातल्या चमच्यांना उत्तम. पण अ‍ॅकँथाइट नावाचं खनिज म्हणजे सिल्व्हर सल्फाइडच. तारेवरचा काळा भाग नुसता काळवंडलेला थर नसून अ‍ॅकँथाइटचे स्फटिक असतील, तर तुम्ही एका दुर्मीळ नमुन्याचा चमचा कराल. आधी भिंग. टोकदार, पैलूदार काळं दिसलं तर हात जोडा आणि डबीत ठेवा.

उंबरठा

अवांतर: काही विक्रेते नमुन्यांना खनिज तेल चोळून चमकवतात. मीही पूर्वी चोळायचो. फार सुंदर दिसतं. सहा महिन्यांनी त्यावर धुळीचा चिकट थर बसला आणि तो काढायला द्रावणात तीन आंघोळी घालाव्या लागल्या. तेलाने भेगा लपतात, म्हणून विकत घेतानाही बोट फिरवून बघा.

अश्मकन्या

गारवेडा, चिठ्ठ्यांचं विसरू नका. नमुना पाण्यात गेला की चिठ्ठी बाजूला पडते आणि तिथेच ताटातूट होते. मी वाडग्यावर चिकटपट्टी लावून नंबर लिहिते, आणि आधी व नंतर फोटो काढते. मामांना विचारून चिठ्ठ्या जुळवता येतील का? नजर अधू असली तरी नमुने त्यांनीच जमवलेले आहेत.

गारवेडा

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व.

झुबका ऑक्झॅलिक आम्लात अकरा दिवस होता. रसायनी म्हणाले तसा पिवळसर निघाला, पाच वेळा पाणी बदललं, आता मुळापर्यंत आरपार दिसतो. भेगेत एक तपकिरी रेघ उरली आहे, ती ठेवली. गंज काढायच्या द्रावणाच्या बाटलीवर अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं निघालं. घातक कचरा घेतात तिथे बाटली न उघडता देऊन आलो. चांदीच्या तारेवर भिंगाखाली टोकदार काळे पैलू आहेत, म्हणून ती जशीच्या तशी डबीत. पायराइट वेगळ्या डब्यात.

मामाकडे गेलो होतो डबा घेऊन. मी चिठ्ठ्या वाचत होतो आणि तो नमुने हातात घेऊन ओळखत होता. एक पांढरा दगड नुसता तोलून म्हणाला, "हा बराइट, एवढ्याशा दगडाला इतकं वजन दुसऱ्याचं नसतं." एकावर अंगठ्याचं नख हलकेच टेकवून, "जिप्सम." तीसपैकी सत्तावीस चिठ्ठ्या जुळल्या.

मग त्याने ती गार उचलली. टोकावरून अंगठा खाली नेला, जिथे पापुद्रे होते तिथे थांबला, परत वर नेला आणि परत खाली आणला. मी सांगून टाकलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कॅल्साइट होतं. चिठ्ठीवर लिही, गेलं म्हणून. नाहीतर पुढचा वाचणारा शोधत बसेल."

चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात 'गार, वर कॅल्साइट' आहे. खाली मी लिहिलं, 'कॅल्साइट व्हिनेगरमध्ये विरघळलं', आणि तारीख घातली.

सुईदोरा

बरं केलंत. ते तीन कुठले राहिले? फोटो टाका, बघू.

गारवेडा

एक हिरवट, काचेसारखा, पाटन (ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटणं) चांगलं आहे. एक काळा, जड, चमकदार. तिसरा मातीनेच भरलाय, त्याला कालपासून कोमट पाण्यात ठेवलंय. वाडग्यावर नंबर लावलाय. फोटो रात्री टाकतो.